रूट रिफ्लेक्टर बसवताना: सोलापूर जिल्ह्यातील दहा राउटरांच्या जाळ्यावरून

इंटरनेट सेवादाराकडे दोन-तीन राउटर असतात तोवर बीजीपीच्या (राउटर एकमेकांना मार्ग सांगतात त्या प्रोटोकॉलच्या) अंतर्गत सेशनांकडे, म्हणजे राउटरांमधल्या जोडण्यांकडे, फारसे लक्ष द्यावे लागत नाही. पुढे सोलापूरहून मोहोळ, मोहोळहून कुर्डुवाडी, तिथून बार्शी आणि करमाळा अशी फायबर सरकत जाते, तालुक्याच्या प्रत्येक गावी एक राउटर बसतो आणि प्रत्येक नव्या राउटरसाठी आधीच्या सगळ्या राउटरांवर जाऊन ओळी लिहाव्या लागतात; अशा वेळी एखाद्या राउटरवरची एक ओळ राहून जाते आणि सांगोल्याचे ग्राहक अक्कलकोटच्या ग्राहकांना दिसेनासे होतात. रूट रिफ्लेक्टर, म्हणजे एका राउटरकडून कळलेले मार्ग बाकीच्यांना सांगणारा राउटर, हा या अडचणीवरचा उपाय आहे. त्याची आज्ञा एका ओळीची असली तरी ती ओळ लिहिण्यापूर्वी काय ठरवावे आणि लिहिल्यावर काय तपासावे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. रिफ्लेक्टर स्वतःला जो मार्ग उत्तम वाटतो तेवढाच इतरांना सांगतो. या एका गोष्टीतून पुढची जवळजवळ सगळी पथ्ये निघतात.

अडचणीचे मूळ बीजीपीच्या एका नियमात आहे. एकाच ऑटोनॉमस सिस्टिममधल्या (एकाच व्यवस्थापनाखालच्या जाळ्यातल्या) शेजाऱ्याकडून, म्हणजे आयबीजीपीवरून, कळलेला मार्ग दुसऱ्या आयबीजीपी शेजाऱ्याला सांगायचा नाही, असा हा नियम आहे. बाहेरच्या सिस्टिमशी बोलताना एएस-पाथमध्ये (मार्ग ज्या सिस्टिममधून आला त्यांच्या क्रमांकांच्या यादीत) आपला क्रमांक जोडला जातो आणि त्यावरून मार्ग फिरून परत आला हे ओळखता येते. आतल्या आत मात्र असा क्रमांक जोडला जात नसल्याने फेरा टाळण्यासाठी हे बंधन घातलेले आहे. त्यामुळे प्रत्येक राउटरचे प्रत्येक राउटरशी थेट सेशन असावे लागते, आणि यालाच फुल मेश म्हणतात. दहा राउटर असतील तर ४५ सेशने लागतात, वीस झाले की १९० लागतात. अकरावा राउटर आणायचा तर दहा जुन्या राउटरांना हात लावावा लागतो, आणि माझ्या अनुभवात सेशनांच्या संख्येपेक्षा हे हात लावणेच अधिक धोक्याचे असते.

रूट रिफ्लेक्टर हा नियम ठराविक अटींवर शिथिल करतो. ही पद्धत १९९६ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) १९६६ म्हणून प्रथम प्रसिद्ध झाली, २००० मध्ये सुधारली गेली आणि एप्रिल २००६ मधील आरएफसी ४४५६ हे तिचे आजचे प्रमाण रूप आहे. रिफ्लेक्टर आपल्या आयबीजीपी शेजाऱ्यांचे दोन गट करतो: क्लायंट आणि क्लायंट नसलेले. क्लायंटकडून आलेला मार्ग तो इतर क्लायंटना आणि क्लायंट नसलेल्यांनाही सांगतो; क्लायंट नसलेल्याकडून आलेला मार्ग फक्त क्लायंटना सांगतो; बाहेरून, म्हणजे ईबीजीपीवरून, आलेला मार्ग सर्वांनाच सांगतो. क्लायंट नसलेल्या राउटरांचे आपसांतले आणि रिफ्लेक्टरांशी असलेले फुल मेश कायम राहावेच लागते, कारण त्यांच्यासाठी जुना नियम बदललेला नाही.

फेरा टाळण्यासाठी रिफ्लेक्टर मार्गावर दोन खुणा लावतो. ओरिजिनेटर आयडी या पहिल्या खुणेत तो मार्ग आपल्या सिस्टिममध्ये मूळ कोणत्या राउटरने आणला त्याचा राउटर आयडी (ओळखक्रमांक) असतो, आणि क्लस्टर लिस्ट या दुसऱ्या खुणेत मार्ग ज्या ज्या रिफ्लेक्टरमधून गेला त्यांचे क्लस्टर आयडी (रिफ्लेक्टर व त्याचे क्लायंट या गटाचे ओळखक्रमांक) एकापुढे एक लागत जातात. स्वतःचा राउटर आयडी ओरिजिनेटर म्हणून दिसला तर राउटर तो मार्ग टाकून देतो आणि स्वतःचा क्लस्टर आयडी लिस्टमध्ये दिसला तर रिफ्लेक्टर तो टाकून देतो. हे टाकून देणे गुपचूप होते, सेशन मात्र चालूच दिसते. पुढे सांगितलेले दोन्ही बिघाड याच कारणाने झाले होते.

आता उदाहरणाचे जाळे घेऊ. समजा सोलापूर शहरात होटगी रोड आणि नवी पेठ येथे प्रत्येकी एक राउटर आहे, आणि जिल्ह्यात मोहोळ, कुर्डुवाडी, बार्शी, करमाळा, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला व अक्कलकोट येथे एकेक आहे. फायबर सोलापूर–मोहोळ–कुर्डुवाडी–बार्शी अशी जाते, कुर्डुवाडीहून एक शाखा करमाळ्याला जाते, मोहोळ आणि मंगळवेढा या दोन्हींहून पंढरपूरला जोड आहे, मंगळवेढा सोलापूरशी व सांगोल्याशी जोडलेले आहे, आणि अक्कलकोट हे एकाच फायबरवर लोंबणारे टोक आहे. बाहेरच्या इंटरनेटची जोडणी, म्हणजे अपस्ट्रीम, होटगी रोड व पंढरपूर अशा दोन ठिकाणी आहे. ऑटोनॉमस सिस्टिमचा क्रमांक मी ६४५०० धरला आहे. तो उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला असून तुमच्याकडे आयआरआयएनएन या भारतात असे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून मिळालेला तुमचा स्वतःचा क्रमांक असेल.

रिफ्लेक्टर कुठे ठेवावा, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. स्वाभाविक विचार असा येतो की मुख्य कार्यालय सोलापुरात आहे, तेव्हा होटगी रोड आणि नवी पेठ हे दोन्ही रिफ्लेक्टर करावेत. तसे केले तर काय होईल ते पाहा. एखाद्या बाहेरच्या पत्त्याकडे जाण्यासाठी दोन्ही अपस्ट्रीमकडून सारख्याच लांबीचा एएस-पाथ आला असेल, तर होटगी रोडचा रिफ्लेक्टर स्वतःच्या ईबीजीपी मार्गाला पसंती देईल, आणि नवी पेठेचा रिफ्लेक्टर जवळचा म्हणून होटगी रोडचाच मार्ग निवडेल. पंढरपूरने पाठवलेला मार्ग दोघांच्याही टेबलात (मार्गांच्या यादीत) राहील, पण उत्तम न ठरल्यामुळे पुढे सांगितला जाणार नाही. परिणामी सांगोल्याच्या राउटरला पंढरपूरहून बाहेर पडता येते हे कळणारच नाही. तिथली सगळी वाहतूक मंगळवेढ्याहून, पंढरपूर हाताशी असताना, सोलापूरकडे वळेल. फुल मेश असताना सांगोल्याला दोन्ही मार्ग दिसत होते आणि तो स्वतः जवळचा निवडत होता. रिफ्लेक्टर आल्यावर ती निवड त्याच्या हातून गेली.

म्हणून जिथून वाहतूक बाहेर पडते त्या ठिकाणी रिफ्लेक्टर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या जाळ्यात होटगी रोड आणि पंढरपूर हे दोन राउटर रिफ्लेक्टर होतील आणि उरलेले आठ त्यांचे क्लायंट होतील. प्रत्येक रिफ्लेक्टर आपापला बाहेरचा मार्ग सांगेल, प्रत्येक क्लायंटकडे दोन्ही पोहोचतील आणि ओएसपीएफच्या (जाळ्याच्या आतल्या वाटा ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) अंतरावरून तो आपला जवळचा निवडेल. एकूण सेशने ४५ ऐवजी १७ होतात, आठ क्लायंटांची प्रत्येकी दोन आणि दोन रिफ्लेक्टरांमधले एक, आणि नवा राउटर आणायचा तर फक्त दोन जुन्या राउटरांना हात लावावा लागतो. दोन्ही रिफ्लेक्टर वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या वीजजोडणीवर असल्याचा लाभही मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या पुढे असताना एका खोलीतले वातानुकूलन बंद पडले तर दुसरा रिफ्लेक्टर शाबूत राहतो. बाहेर पडण्याच्या जागा बऱ्याच असतील आणि प्रत्येक ठिकाणी रिफ्लेक्टर ठेवणे शक्य नसेल, तर एकापेक्षा जास्त मार्ग सांगू देणारी ॲड-पाथ ही सोय, जी २०१६ च्या आरएफसी ७९११ मध्ये आहे, किंवा क्लायंटच्या जागेवरून अंतर मोजून मार्ग निवडणारी, २०२१ च्या आरएफसी ९१०७ मधली पद्धत वापरता येते. परंतु लहान जाळ्यात योग्य जागा निवडूनच काम भागते आणि रात्री दोन वाजता बिघाड शोधणाऱ्याला समजायला तेच सोपे जाते.

जागेबरोबरच दुसरे पथ्य असे की प्रत्येक क्लायंटने दोन्ही रिफ्लेक्टरांशी सेशन करावे. सेशने आणखी कमी करण्याच्या मोहात काही जण प्रत्येक क्लायंटला एकच रिफ्लेक्टर देतात. समजा रिफ्लेक्टर व अपस्ट्रीम सोलापूर आणि बार्शी येथे आहेत, कुर्डुवाडी फक्त सोलापूरच्या रिफ्लेक्टरची क्लायंट आहे आणि मोहोळ फक्त बार्शीच्या. कुर्डुवाडीला सांगितले जाते की सोलापूरहून बाहेर पड, आणि तिकडची वाट मोहोळवरून आहे. मोहोळला सांगितले जाते की बार्शीहून बाहेर पड, आणि तिकडची वाट कुर्डुवाडीवरून आहे. मोहोळच्या ग्राहकाचे पॅकेट कुर्डुवाडीला जाते, कुर्डुवाडी ते सोलापूरच्या दिशेने म्हणजे पुन्हा मोहोळला पाठवते, आणि टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जावे याची मर्यादा) संपेपर्यंत ते दोन गावांमध्येच ये-जा करत राहते. बीजीपीच्या टेबलात यांतले काहीही चुकीचे दिसत नाही. फायबर जशी घातली आहे तिच्याशी सेशनांची रचना विसंगत असली की असे होते, म्हणून कागदावर आधी फायबरचा नकाशा काढावा आणि त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने सेशने काढावीत. सगळी वाहतूक एमपीएलएसच्या (पॅकेट त्यावरच्या खुणेनुसार पुढे नेणाऱ्या पद्धतीच्या) बोगद्यातून जात असेल तर मधल्या राउटरला बाहेरचा पत्ता पाहावा लागत नाही आणि हा विशिष्ट फेरा होत नाही. तरीही सवय दोन रिफ्लेक्टरांचीच ठेवावी.

आज्ञा लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी जागेवर आहेत याची खात्री करून घ्यावी. प्रत्येक राउटरला लूपबॅकचा (कोणत्याही एका फायबरशी न बांधलेला) स्वतंत्र पत्ता असावा आणि तो ओएसपीएफ किंवा त्याच कामाच्या आयएस-आयएसमधून सर्वांना पोहोचत असावा. सेशने याच पत्त्यांवर बांधावीत, म्हणजे रस्तारुंदीकरणात एक फायबर तुटली तरी दुसऱ्या वाटेने सेशन टिकते. ग्राहकांचे पत्ते बीजीपीत आणि फक्त जाळ्याचे स्वतःचे पत्ते ओएसपीएफमध्ये असावेत. आणि बाहेरच्या अपस्ट्रीमशी किंवा ग्राहकाशी ईबीजीपी करणाऱ्या प्रत्येक राउटरवर, आतल्या शेजाऱ्यांसाठी नेक्स्ट हॉप (वाहतूक पुढे ज्याच्याकडे पाठवायची त्याचा पत्ता) स्वतःचा लावण्याची ओळ असावी. रिफ्लेक्टर परावर्तित मार्गाचा नेक्स्ट हॉप बदलत नाही, बदलूही नये. म्हणून जो नेक्स्ट हॉप टोकाच्या राउटरने लावला असेल तोच सर्वांपर्यंत जातो, आणि तो पोहोचण्याजोगा नसेल तर मार्ग टेबलात येऊनही निरुपयोगी राहतो.

पुढील आज्ञा सिस्को कंपनीच्या आयओएस या प्रणालीच्या धर्तीच्या राउटरसाठी, होटगी रोडच्या रिफ्लेक्टरवर द्यावयाच्या आहेत. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष राउटरवर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप कराव्या लागतील. होटगी रोडचा लूपबॅक १०.२५५.०.१, पंढरपूरचा १०.२५५.०.२ आणि क्लायंटांचे १०.२५५.०.११ पासून पुढे धरले आहेत.

राउटर बीजीपी ६४५००
बीजीपी राउटर-आयडी १०.२५५.०.१
बीजीपी क्लस्टर-आयडी १०.२५५.०.१
बीजीपी लॉग-नेबर-चेंजेस
नो बीजीपी डिफॉल्ट आयपीव्ही४-युनिकास्ट
नेबर तालुका पीअर-ग्रुप
नेबर तालुका रिमोट-एएस ६४५००
नेबर तालुका अपडेट-सोर्स लूपबॅक०
नेबर १०.२५५.०.११ पीअर-ग्रुप तालुका
नेबर १०.२५५.०.१२ पीअर-ग्रुप तालुका
नेबर १०.२५५.०.२ रिमोट-एएस ६४५००
नेबर १०.२५५.०.२ अपडेट-सोर्स लूपबॅक०
ॲड्रेस-फॅमिली आयपीव्ही४
नेबर तालुका रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट
नेबर तालुका नेक्स्ट-हॉप-सेल्फ
नेबर १०.२५५.०.११ ॲक्टिव्हेट
नेबर १०.२५५.०.१२ ॲक्टिव्हेट
नेबर १०.२५५.०.२ ॲक्टिव्हेट
नेबर १०.२५५.०.२ नेक्स्ट-हॉप-सेल्फ

उरलेल्या सहा क्लायंटांच्या ओळी याच पद्धतीने वाढवाव्यात. पंढरपूरच्या राउटरवर हेच सगळे लिहावे, फक्त राउटर आयडी व क्लस्टर आयडी १०.२५५.०.२ आणि समोरच्या रिफ्लेक्टरचा पत्ता १०.२५५.०.१ असा घ्यावा. दोन रिफ्लेक्टरांमधले सेशन साधे ठेवले आहे हे लक्षात घ्यावे. दोघांनी एकमेकांना क्लायंट मानले तरी क्लस्टर लिस्टमुळे फेरा होत नाही, पण मार्गांची अनावश्यक देवाणघेवाण वाढते. क्लायंटच्या बाजूला कोणतीही विशेष आज्ञा नाही. आपण क्लायंट आहोत हे त्याला ठाऊकही नसते; त्याच्या दृष्टीने त्याला फक्त दोन आयबीजीपी शेजारी आहेत.

नेक्स्ट-हॉप-सेल्फची ओळ रिफ्लेक्टरवर का, असा प्रश्न येथे पडायला हवा. आपले रिफ्लेक्टर स्वतः अपस्ट्रीमशी जोडलेले आहेत, म्हणून बाहेरून आलेल्या मार्गांसाठी ती लागते, आणि आयओएसमध्ये ही ओळ परावर्तित मार्गांना हात लावत नाही. तिच्यापुढे ‘ऑल’ हा शब्द जोडला तर मात्र परावर्तित मार्गांचाही नेक्स्ट हॉप रिफ्लेक्टर होतो आणि बार्शीहून कुर्डुवाडीला जाणारी वाहतूकसुद्धा रिफ्लेक्टरकडे ओढली जाते. ज्युनॉसमध्ये (ज्युनिपर राउटरांच्या प्रणालीत) ही सीमा आपोआप पाळली जात नाही. तिथे एक्स्पोर्ट पॉलिसीत नेक्स्ट हॉप सेल्फ लिहिताना मार्ग बाहेरचा असल्याची अट, म्हणजे रूट-टाइप एक्स्टर्नल, स्वतः घालावी लागते. ती विसरली तर चूक तीच होते.

इतर राउटरांवर शब्द वेगळे आहेत, कल्पना तीच आहे. ज्युनिपरवर अंतर्गत गटाखाली ‘क्लस्टर’ या शब्दापुढे क्लस्टर आयडी लिहिला की त्या गटातले सगळे शेजारी क्लायंट होतात, म्हणून दुसऱ्या रिफ्लेक्टरसाठी वेगळा गट करावा लागतो. मायक्रोटिकच्या राउटर ओएस ७ मध्ये रिफ्लेक्टरकडच्या जोडणीची भूमिका आयबीजीपी-आरआर अशी द्यावी लागते. बर्ड या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोकॉलखाली ‘आरआर क्लायंट’ लिहितात आणि एफआरआर या तशाच सॉफ्टवेअरच्या आज्ञा जवळजवळ वर दिल्याप्रमाणेच आहेत.

आयपीव्ही६ चालवत असाल तर एक गोष्ट आवर्जून पाहावी. आयओएसमध्ये रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट ही ओळ प्रत्येक ॲड्रेस-फॅमिलीत (पत्त्यांच्या प्रत्येक प्रकारात) स्वतंत्रपणे लिहावी लागते. आयपीव्ही४ मध्ये लिहिली म्हणून आयपीव्ही६ किंवा व्हीपीएनव्ही४ (ग्राहकांच्या खासगी जाळ्यांचे मार्ग) मध्ये ती लागू होत नाही, आणि तिथे क्लायंटांना एकमेकांचे मार्ग मिळत नाहीत. घरोघरीचे मोबाइल व संगणक आयपीव्ही६ नाही मिळाले तर मुकाट्याने आयपीव्ही४ वर जातात, त्यामुळे ही उणीव अनेक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

क्लस्टर आयडी दोन्ही रिफ्लेक्टरांवर एकच असावा की वेगवेगळा, याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. एकच ठेवला तर एका रिफ्लेक्टरने पाठवलेले क्लायंटांचे मार्ग दुसरा टाकून देतो आणि राउटरची स्मृती (मेमरी) वाचते. माझे मत वेगवेगळा ठेवण्याच्या बाजूचे आहे, आणि ते एका रात्रीच्या अनुभवातून बनलेले आहे. आमच्या जाळ्यात दोन्हींवर एकच आयडी होता. अक्कलकोटचा राउटर बदलताना एका रिफ्लेक्टरच्या सेशनचा पासवर्ड मी चुकीचा टाकला, ते सेशन उभे राहिले नाही, पण दुसरे उभे राहिले आणि अक्कलकोटहून बाहेर जाणारी वाहतूक नीट चालू लागली म्हणून मी काम संपवले. परतीची वाहतूक मात्र ज्या रिफ्लेक्टरकडे अपस्ट्रीम होता तिथे येत होती, आणि त्याला अक्कलकोटचे मार्ग थेट मिळत नव्हते. दुसऱ्या रिफ्लेक्टरकडून येत होते ते स्वतःचाच क्लस्टर आयडी पाहून तो टाकून देत होता. अपस्ट्रीमला सांगण्यासाठी ठेवलेला आपल्या पत्त्यांच्या संपूर्ण गटाचा नल मार्ग (त्यावर आलेली पॅकेटे टाकून देणारा) तेवढा त्याच्याकडे होता, आणि अक्कलकोटच्या ग्राहकांची सगळी उत्तरे त्या नल मार्गावर नष्ट होत होती. मी रात्री गावभर लोकांना खोळंबून ठेवले ते एका पासवर्डमुळे खरे, पण आयडी वेगळे असते तर दुसऱ्या रिफ्लेक्टरमार्गे मार्ग पोहोचला असता आणि ग्राहकांना काहीच जाणवले नसते. दहा राउटरांच्या जाळ्यात वाचणारी स्मृती या सुरक्षिततेपुढे क्षुल्लक आहे.

स्मृतीचा प्रश्न खरा येतो तो पूर्ण इंटरनेट टेबल लहान राउटरांवर पाठवताना. आयपीव्ही४ चे नऊ लाखांहून अधिक मार्ग दोन रिफ्लेक्टरांकडून दोनदा येणार, आणि तालुक्याच्या ठिकाणी ठेवलेल्या राउटरला ते पेलेलच असे नाही. अक्कलकोट, करमाळा व सांगोला ही टोके आहेत. त्यांना रिफ्लेक्टरवरून बाहेर जाताना फिल्टर लावून फक्त डिफॉल्ट मार्ग आणि आपल्या जाळ्यातले मार्ग पाठवावेत. मोहोळ, कुर्डुवाडी किंवा मंगळवेढा यांच्यावरून मात्र इतरांची वाहतूक जाते. मधल्या राउटरकडे डिफॉल्टच असेल आणि त्याच्या मागच्याकडे पूर्ण टेबल, तर दोघांची निवड वेगळी होऊन मोहोळ-कुर्डुवाडीसारखा फेरा पुन्हा उभा राहू शकतो, म्हणून त्यांना पूर्ण टेबल झेपत नसेल तर कोणालाच आत पूर्ण टेबल देऊ नये. फिल्टरने मार्ग गाळावा, पण परावर्तित मार्गाचे लोकल प्रेफरन्स (आतल्या पसंतीचा आकडा), मेड (शेजारच्या सिस्टिमने सुचवलेल्या पसंतीचा आकडा) किंवा एएस-पाथ रिफ्लेक्टरवर बदलू नयेत. ते ठरवण्याची जागा मार्ग आत येतो तिथे, ईबीजीपीच्या दारात आहे.

चालू फुल मेशवरून रिफ्लेक्टरवर जाताना घाई करू नये. आयओएसमध्ये क्लायंटची ओळ लिहिताच ते सेशन तुटून पुन्हा उभे राहते, म्हणून काम रात्री करावे आणि एका वेळी एकच रिफ्लेक्टर घ्यावा. आषाढी वारीच्या आठवड्यात पंढरपूरच्या राउटरला आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहरातल्या राउटरांना हात लावू नये, कारण त्या दिवसांत अर्ध्या मिनिटाचा खंडसुद्धा हजारो लोकांना भोवतो.

प्रथम प्रत्येक राउटरवरच्या ‘शो आयपी बीजीपी समरी’चे उत्तर फाइलमध्ये जपून ठेवावे; कोणत्या शेजाऱ्याकडून किती मार्ग येतात हा आकडा नंतर तुलनेसाठी लागतो. मग होटगी रोडवर क्लायंटच्या ओळी लिहाव्यात आणि सेशने पुन्हा उभी राहिल्यावर पंढरपूरवर लिहाव्यात. या टप्प्यावर क्लायंटांची आपसांतली जुनी सेशने चालूच असतात, त्यामुळे प्रत्येक मार्ग थेटही येतो आणि परावर्तित होऊनही येतो. कोणता निवडला जाईल याची काळजी करण्याचे कारण नाही: बाकी सगळे गुण सारखे आहेत, ओरिजिनेटर तोच आहे, आणि मग ज्याची क्लस्टर लिस्ट लहान तो जिंकतो; थेट मार्गाला ती नसतेच, म्हणून वाहतूक जुन्याच वाटेने जात राहते. रिफ्लेक्टरची खोटी-खरी परीक्षा घ्यायला याहून सुरक्षित अवस्था नाही, म्हणून येथे एक-दोन दिवस थांबावे.

या काळात प्रत्येक क्लायंटवर एखादा परका मार्ग उघडून पाहावा. बार्शीच्या राउटरवर ‘शो आयपी बीजीपी २०३.०.११३.०’ असे विचारले तर अक्कलकोटचा तो मार्ग तीनदा दिसला पाहिजे: एकदा थेट आणि दोनदा ओरिजिनेटर व क्लस्टर लिस्ट या ओळींसह, एकात होटगी रोडचा आणि दुसऱ्यात पंढरपूरचा क्लस्टर आयडी असलेला. तिन्हींचा नेक्स्ट हॉप अक्कलकोटचा लूपबॅक असावा. नेक्स्ट हॉपपुढे ‘इनॲक्सेसिबल’ असा शब्द आला तर ओएसपीएफमध्ये तो पत्ता नाही किंवा अक्कलकोटवर नेक्स्ट-हॉप-सेल्फ लिहायचे राहून गेले आहे असे समजावे. नेक्स्ट हॉप रिफ्लेक्टरचा दिसला तर वर सांगितलेली ‘ऑल’ची चूक शोधावी. पाहणी सगळ्या आठ क्लायंटांवर करावी, नमुन्यादाखल दोघांवर करून पुढे जाऊ नये.

कारण एक बिघाड असा आहे की तो केवळ ठराविक दोन राउटरांमध्येच राहतो. मंगळवेढ्याचा राउटर बसवताना मी सांगोल्याच्या राउटरवरची सगळी जुळवणी उचलून घेतली होती, पत्ते बदलले होते, पण राउटर आयडीची ओळ तशीच राहिली. फुल मेशमध्ये या दोघांचे थेट सेशन आयडी सारखा पाहून उभेच राहिले नसते आणि चूक पहिल्याच मिनिटाला कळली असती. रिफ्लेक्टर असताना दोघांची थेट गाठ पडत नाही. दोघांचीही रिफ्लेक्टरांशी सेशने उत्तम चालली होती आणि बाकी सर्व गावे दोघांनाही दिसत होती. फक्त सांगोल्याचे मार्ग मंगळवेढा स्वतःचेच समजून टाकून देत होता आणि मंगळवेढ्याचे सांगोला. तेव्हापासून नव्या राउटरच्या यादीत मी राउटर आयडी लूपबॅकशी जुळतो का हे पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे, आणि आयडी नेहमी लूपबॅकचाच पत्ता असावा असा आग्रह धरतो, म्हणजे चूक नुसत्या डोळ्यांनी दिसते.

सगळे जुळले की क्लायंटांची आपसांतली सेशने काढावीत, पण ओळी लगेच पुसू नयेत. प्रथम ‘नेबर शटडाउन’ देऊन ती मिटवावीत, एका रात्री एकाच राउटरची, टोकाच्या अक्कलकोटपासून सुरुवात करून. सेशन मिटताच थेट मार्ग जातो आणि परावर्तित मार्ग, जो टेबलात आधीपासून आहे, त्याची जागा घेतो; नेक्स्ट हॉप तोच असल्याने वाहतुकीची वाट बदलत नाही. मार्गांचे आकडे जपून ठेवलेल्या फाइलशी ताडून पाहावेत, आणि काही कमी दिसले तर शटडाउन काढले की पूर्वस्थिती परत येते. शेवटच्या राउटरचे सेशन मिटल्यावर एकेक रिफ्लेक्टर मुद्दाम बाजूला करून पाहावा: होटगी रोडवरील तालुका गटाची सेशने शटडाउन करून बार्शीहून अक्कलकोटला पिंग चालू ठेवावा, मग ती पुन्हा उघडून पंढरपूरची मिटवावीत. पिंग अखंड चालला पाहिजे. तो थांबला तर कोणत्या तरी क्लायंटचे एक सेशन उभेच नाही, आणि ते रिफ्लेक्टर बंद पडण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

आठवडाभर तक्रार आली नाही की शटडाउन केलेल्या ओळी प्रत्येक राउटरवरून पुसाव्यात, जुळवणी जतन करावी आणि फायबरच्या नकाशावरील जुन्या सेशनांच्या रेघा खोडून नव्या सतरा रेघा काढाव्यात, प्रत्येक रिफ्लेक्टरशेजारी त्याचा क्लस्टर आयडी लिहून.